हेल्थ किती?

काउंटरवर फरसाणाचा रिकामा डबा होता आणि त्यात सोळा वापरलेले एसएसडी ड्राइव्ह. अकरा अडीच इंची, साटावाले. पाच एनव्हीएमई, म्हणजे बोटभर लांबीच्या पट्ट्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि कार्यालयांनी जुने पीसी काढायला घेतले. तशाच एका लॉटमधला हा माल. माझे मामा नाशिकच्या अशोकस्तंभाजवळच्या गल्लीत पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतात. सिडकोतल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. तिथल्या नऊ जुन्या पीसींच्या रखडणाऱ्या हार्ड डिस्क काढून त्यांच्या जागी हे ड्राइव्ह टाकायचे, असं मी ठरवून आले होते. वर्गणीचे पैसे मोजके, आणि हा माल नव्याच्या निम्म्या किमतीत मिळत होता.

“तासाभराचं काम आहे, मामा,” मी म्हटलं. “एकेक जोडायचा, क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडायचा, हेल्थ नव्वदच्या वर असेल तो ठेवायचा. खाली असेल तो परत. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी आहेच.”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. “नव्वद टक्के कशाचे?”

“हेल्थचे.”

“हेल्थ म्हणजे काय ते सांग.”

मला नीट सांगता आलं नाही. बाजारात जो तो हाच प्रश्न विचारतो, “हेल्थ किती?”, आणि विकणारा एक आकडा सांगतो. देणाऱ्या-घेणाऱ्याचं त्यावर भागतं. पण तो आकडा कुठून येतो हे मी कधी बघितलं नव्हतं.

मामांनी पहिला ड्राइव्ह जोडला. २४० जीबीचा, ओळखीच्या कंपनीचा. पडद्यावर निळा चौकोन आला: गुड, ८९ टक्के. “आता कंपनीचा कागद आठव. या मॉडेलवर एकूण ८० टेराबाइट लिहिपर्यंत त्यांची हमी. यावर किती लिहून झालंय? नऊ. ऐंशीतले नऊ गेले, म्हणून एकोणनव्वद टक्के उरले. ढोबळमानाने एवढाच हिशेब आहे. बोर्डावरचा कपॅसिटर फुगलाय का, कंट्रोलर तापतोय का, आतलं फर्मवेअर सडकं आहे का, यातलं काहीही त्या टक्क्यात नाही.”

“पण झीज हीच तर एसएसडीची मुख्य भीती ना?”

“तुझ्या अभ्यासिकेत? तिथला पीसी रोज दहा जीबी लिहील म्हण. वर्षाला साडेतीन-पावणेचार टेराबाइट. उरलेले एकाहत्तर संपायला एकोणीस वर्षं लागतील. झिजून मरायला त्याला वेळच मिळणार नाही. तो मेलाच तर दुसऱ्या कशाने तरी मरेल, आणि ते दुसरं कारण तुझा आकडा दाखवत नाही.”

मला हे पटलं नाही, आणि तसं मी बोलले. २०१३ ते २०१५ या काळात ‘द टेक रिपोर्ट’ने सहा ड्राइव्ह घेऊन त्यांच्यावर रात्रंदिवस लिहीत राहण्याचा प्रयोग केला होता. सगळे २४०-२५६ जीबीचे. सातशे टेराबाइटच्या आत एकही गेला नाही, दोन तर दोन पेटाबाइटच्या पुढे गेले. कंपन्या हमी देतात त्याच्या कितीतरी पट. “मग एकोणनव्वद टक्केवाल्याला घाबरायचं कारण काय?”

“घाबर असं मी म्हणतच नाही. त्या प्रयोगात ते मेले कसे, तेही सांग.”

ते मी वाचलं होतं. त्यातला इंटेलचा ड्राइव्ह सातशे टेराबाइटनंतर, ठरवून दिल्याप्रमाणे, लिहिणं थांबवून बसला. पीसी बंद करून पुन्हा सुरू केला तेव्हा दिसेनासाच झाला.

“बघ. वाचता येईल इतकी तरी सवड द्यायला हवी होती, ती एका रीस्टार्टपर्यंतच दिली. हार्ड डिस्क मरायच्या आधी कुरकुरते, टकटक करते. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, ‘आवाज येतोय.’ एसएसडीचा आवाज येत नाही.”

मामांचं बालपण भांडी बाजारात गेलं, त्यामुळे पुढचं त्यांनी त्यांच्या पद्धतीने समजावलं. एसएसडीच्या प्रत्येक पेशीत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि त्याच्याभोवती अतिशय पातळ इन्सुलेशन. पेशी पुसून पुन्हा लिहायची म्हणजे त्या थरातून जोर लावून भार आत-बाहेर करायचा. दर वेळी थर थोडा खराब होतो. “पितळेच्या पातेल्याची कल्हई घासून घासून जाते ना, तसं. कल्हई गेली म्हणून पातेलं फुटत नाही. पाणी भर, राहील. पण ताक ठेवलंस तर कळकेल. झिजलेला ड्राइव्हही लिहून घेतो, लगेच वाचून दाखवतो. त्यात ठेवलेलं टिकतं किती दिवस, हा खरा प्रश्न.”

याला आधार आहे. मेमरीची मानकं ठरवणारी जेडेक ही संस्था घरगुती ड्राइव्हसाठी अशी अट घालते: हमीइतकं सगळं लिहून संपल्यावरही, वीज न देता तीस अंश सेल्सियसला ठेवला तर त्यातला मजकूर एक वर्ष टिकला पाहिजे. सर्व्हरच्या ड्राइव्हला हीच मुदत चाळीस अंशांना फक्त तीन महिने, कारण सर्व्हर कधी बंद ठेवायचेच नसतात. उष्णतेने भार लवकर गळतो. सर्व्हरमधून काढलेला, भरपूर लिहून झालेला ड्राइव्ह स्वस्तात घ्यायचा, त्यावर लग्नाचे फोटो भरायचे आणि तो कपाटात ठेवून मे महिना काढायचा, असं लोक करतात. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

दुसऱ्या ड्राइव्हवर आमचं खरं वाजलं.

हेल्थ ९४ टक्के. मी यादीत ‘घ्यायचा’ असं लिहिलं. मामांनी खालच्या तक्त्यावर बोट ठेवलं. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’, म्हणजे खराब निघाल्यामुळे बाद करून राखीव जागेत हलवलेले भाग. समोर आकडा होता २५. “पंचवीस म्हणजे काही फार नाहीत,” मी म्हटलं. मग त्यांनी मेनूत जाऊन कच्चे आकडे दशमान पद्धतीत दाखवायला लावले, आणि पंचवीसचे सदतीस झाले. तो प्रोग्रॅम मुळात हे आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, हे मला माहीतच नव्हतं. आधीच्या ड्राइव्हचे चालू तास मी ‘२एएफ८’ असे बघून सोडून दिले होते. ते अकरा हजार तास निघाले. रोज आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर साडेचार वर्षं.

“एका खुणेवर अंदाज बांधता येतो, मामा,” मी हट्टाने म्हटलं. “गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय तेवढं बघून सराफ बाजार दुकानं रिकामी करतो. ती पण एकच खूण.”

“सराफ बाजार मारुती बघतो आणि गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तेही ऐकतो. पाणी कमरेला आहे एवढ्याने भागत नाही. चढतंय की उतरतंय?” त्यांनी सदतीस हा आकडा ड्राइव्हच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिला. “हे सदतीस दोन वर्षांपूर्वीचे असतील आणि तिथेच थांबले असतील, तर जुना व्रण. आज पूर्ण लिहून-वाचून झाल्यावर एकेचाळीस झाले, तर जखम चालू आहे. एकदा बघून हे कळत नाही. दोनदा बघावं लागतं, मधे त्याला राबवून.”

इथे त्यांचं बरोबर होतं, हे मी मान्य करते. पाच एनव्हीएमई पट्ट्यांच्या बाबतीत मात्र मी माझं म्हणणं सोडलं नाही. साटा ड्राइव्हमध्ये दर कंपनीचा तक्ता वेगळा, एकाच ओळीचा अर्थही कधी कधी वेगळा: एकूण लेखन कोणी सेक्टरमध्ये मोजतं, कोणी जीबीत. एनव्हीएमईत तसं नाही, तिथे तक्ता मानकातच ठरलेला आहे. ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे वापरलेला हिस्सा. हा शंभरच्या पुढेही जाऊ शकतो, कारण हमी संपली तरी ड्राइव्ह चालू राहतो. ‘अव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे राखीव जागा किती उरली. ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ म्हणजे जे वाचून परत मिळालंच नाही. इथे शून्यच हवं. लेखन मोजायला ‘डेटा युनिट्स’: एक युनिट पाच लाख बारा हजार बाइटचं, म्हणजे वीस लाख युनिट झाली की साधारण एक टेराबाइट. “इथे तरी आकड्यांवर विश्वास ठेवा,” मी म्हटलं.

“ठेवतो. आकडे तिथे चांगले आहेत. ही ओळ वाच.”

एका पट्टीवर ‘अनसेफ शटडाउन्स’ ४१२ होते. ड्राइव्हला न सांगता चारशे बारा वेळा वीज गेली. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेलंच जातं असं नाही, त्याच पेशींत आधी ठेवलेलंही बिघडू शकतं, कारण एका पेशीत आता तीन-तीन बिट असतात. सर्व्हरच्या चांगल्या ड्राइव्हवर अशा वेळी हातातलं काम उरकण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात, आपल्या स्वस्त ड्राइव्हवर बहुधा नसतात. “यूपीएसची बॅटरी मेलेल्या ऑफिसातला पीसी असणार हा,” मामा म्हणाले. त्या पट्टीचे बाकी सगळे आकडे उत्तम होते आणि ती मी घेतली. मामांनी नको म्हटलं नाही. ‘यूपीएस लाव’ एवढंच म्हणाले.

मग निघाला तो शंभर टक्केवाला.

४८० जीबी, कधी न ऐकलेलं नाव, हेल्थ १००, चालू तास चौदा. मामांनी तो उजेडाकडे तिरका धरला. स्क्रूच्या चारही भोकांभोवती रंग उडाला होता, आणि कनेक्टरच्या सोनेरी दातांवर बारीक उभ्या रेघा होत्या. “चौदा तासांत इतक्यांदा घालून-काढून झाला?” कारखान्यात चिप आणि कंट्रोलर यांची जुळणी करायला जे प्रोग्रॅम वापरतात ते बाजारात फिरतात, आणि त्यांनी हे सगळे आकडे पुन्हा शून्यावर आणता येतात. मामांनी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू लावलं. हा साधा प्रोग्रॅम आहे: ड्राइव्ह काठोकाठ भरायचा आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत येतं का ते बघायचं. लिहिणं सुरळीत झालं. वाचताना ११८ जीबीच्या पुढे सगळं खोटं. आत १२० ची चिप होती, लेबल ४८० चं.

“तुझ्या नियमाने हा सगळ्यांत पहिला पास झाला असता,” मामा म्हणाले. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

मी गप्प बसले. मग विचारलं, “पण मामा, सोळा ड्राइव्हना तुम्ही आठ-आठ दिवस राबवणार, आणि गिऱ्हाईक देणार दोनशे रुपये मजुरी. सामान्य माणसाने काय करायचं? त्याला सोपा नियम हवा. टक्के, तास, बाद झालेले भाग आणि एक पूर्ण लिहिणं-वाचणं; एका संध्याकाळचं काम. त्याच्या पुढची तपासणी म्हणजे चांगल्या ड्राइव्हवरही संशय घेणं, आणि मग असे शेकडो ड्राइव्ह चालत असताना भंगारात जातात.”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. चहा आला, तो झाला. मग त्यांनी सांगितलं ते त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

एक गृहस्थ होते. त्यांचे वडील कीर्तनकार. वडील गेले तेव्हा अकरा वर्षांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग मुलाने एका एसएसडीवर भरली. ड्राइव्ह नवाच घेतलेला. दोन वर्षांनी मामांकडे आणून विचारलं, ‘हा चांगला आहे ना?’ मामांनी जोडून बघितला: ९८ टक्के, एकही चूक नाही. ‘एकदम चांगला,’ असं सांगितलं. महिनाभराने तो कुठल्याच यंत्रात दिसेना. हार्ड डिस्क असती तर उघडून, डोकं बदलून, मुंबई-पुण्याला पाठवून काहीतरी हाती लागलं असतं. एसएसडीत मजकूर सगळ्या चिपवर विखुरलेला असतो, कुठे काय ते फक्त कंट्रोलरला माहीत, आणि पुष्कळदा ते कुलूपबंदही असतं. कंट्रोलर गेला की किल्ली गेली. काही मिळालं नाही.

“ते काही बोलले नाहीत,” मामा म्हणाले. “बोलले असते तर बरं झालं असतं.”

“पण त्यात टक्क्यांची चूक नव्हती, मामा. चूक दुसरी प्रत नव्हती ही. नवा, जुना, शंभर टक्केवाला, कुठलाही ड्राइव्ह असा जाऊ शकतो.”

“हो. आणि त्यांनी मला विचारलं तेव्हा मी टक्के सांगितले. दुसरी प्रत आहे का, हे मी विचारलं नाही.”

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बरंच वाचलं. २०१६ साली टोरोंटो विद्यापीठाच्या बियान्का श्रोडर यांनी गूगलच्या दोन सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास मांडला. गूगलच्या स्वतःच्या केंद्रांतल्या एसएसडींच्या सहा वर्षांच्या नोंदी. त्यात दिसलं की हार्ड डिस्कच्या मानाने हे ड्राइव्ह बदलावे कमी लागतात, पण पहिल्या चार वर्षांत वीस टक्क्यांहून अधिक ड्राइव्हमध्ये एकदा तरी दुरुस्त न होणारी चूक आढळते. आणि माझ्या वादाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, किती लिहिलं याखेरीज ड्राइव्हचं वयही मोजावं लागतं. कमी लिहिलेला पण जुना ड्राइव्ह तरुण राहत नाही. म्हणजे मामांचे ‘अकरा हजार तास’ माझ्या एकोणनव्वद टक्क्यांइतकेच बोलके. तासांचं एक टोकाचं उदाहरणही सापडलं: नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या काही सर्व्हर ड्राइव्हचं फर्मवेअर बदललं नाही तर ते ३२,७६८ तास भरताच बंद पडतील आणि मजकूरही परत मिळणार नाही. तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास. तो आकडा दोनाचा पंधरावा घात आहे; दोष तास मोजणाऱ्या फर्मवेअरमध्ये होता. असा ड्राइव्ह ९९ टक्क्यांवरही मेला असता.

हे मी मामांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी फर्मवेअर तपासायची ओळ आपल्या वहीत वाढवली. ती ओळ त्यांच्याकडे नव्हती.

आता त्यांची पद्धत सांगते, कारण तिच्यातली पहिली पायरी मला कुठेही वाचायला मिळाली नव्हती. वापरलेला ड्राइव्ह आला की जो तो आधी फॉरमॅट मारतो. मामा आधी वाचतात. फाइली उघडत नाहीत, ते दुसऱ्याचं घर आहे; नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून वेगाचा आलेख काढतात. “आत जे जुनं पडून आहे तो साक्षीदार आहे. सहा महिने डब्यात होता, त्याला काय आठवतंय ते विचार. पुसलंस की साक्षीदार गेला.” त्यानंतर सिक्युअर इरेज. नुसतं वरून लिहून चालत नाही, कारण ड्राइव्ह झीज सारखी वाटण्यासाठी जागा बदलत राहतो आणि जुन्या मालकाचं काहीतरी राखीव कोपऱ्यात उरतं. मग पूर्ण लेखन, पूर्ण वाचन, आणि आकड्यांची आधीच्या नोंदीशी तुलना. सीआरसीच्या, म्हणजे मजकुराची ने-आण करतानाच्या, चुका वाढल्या तर आधी साटाची केबल बदलून बघायची. ड्राइव्हला बोल लावायचा नाही.

एका ५०० जीबीवाल्या साटा ड्राइव्हचा आलेख मी त्यांच्या शेजारी बसून बघितला. सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास रेघ सरळ चालली होती. दोनशे जीबीच्या सुमाराला ती अचानक खाली आली: ऐंशी, चाळीस, अठरा. रेघ तिथेच रेंगाळली. मामांनी ड्राइव्हवर हात ठेवला, गरम नव्हता. पाच-सहा मिनिटांनी रेघ पुन्हा वर गेली, जणू काही झालंच नाही. एकही चूक नोंदली गेली नव्हती. हेल्थ ९६.

“भार गळालाय. एकदा वाचून कळत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा वाचतोय,” मामा म्हणाले.

“पण मिळालं ना सगळं? आणि असं चांगल्या ड्राइव्हचंही झालंय.” २०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० ईव्हीओचं हेच झालं होतं: जुना मजकूर वाचायला रखडायचा, ताजा भरभर यायचा. कंपनीने फर्मवेअर सुधारून जुना मजकूर अधूनमधून नव्याने लिहायला लावला आणि ते ड्राइव्ह लोकांनी पुढे वापरले. “रखडला म्हणजे मेला नाही. पुसून लिहूया, बघा.”

पुसून लिहिला. आलेख या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, पाचशेला. मी मामांकडे बघितलं.

“चांगला दिसतोय,” ते म्हणाले, आणि त्यावर तारीख टाकून तो ड्रॉवरमध्ये ठेवला. “तीन आठवड्यांनी ये.”

मी तीन आठवडे थांबणार नव्हते, मुलं खोळंबली होती. डब्यातले नऊ मी नेले: तक्ते स्वच्छ असलेले, पूर्ण लिहून-वाचून आकडे जागचे न हललेले. त्यांना ड्रॉवरची परीक्षा द्यायला लावली नाही. त्या पीसींवर मुलं प्रश्नपत्रिका सोडवतात, लेक्चर बघतात. ड्राइव्ह गेला तर अर्ध्या तासात दुसरा बसतो, जाणार कोणाचं काही नाही. मामांनी यावर पुन्हा नाराजी दाखवली आणि मी पुन्हा माझं म्हणणं सांगितलं. मुलांच्या दाखल्यांचे आणि गुणपत्रिकांचे स्कॅन ज्या दहाव्या पीसीवर आहेत, त्याच्यासाठी मात्र मी नवा ड्राइव्ह घेतला, आणि मामांच्या सांगण्यावरून एक साधी हार्ड डिस्कही, दर शनिवारी प्रत काढायला. सदतीसचा ड्राइव्ह पूर्ण लेखनानंतर चव्वेचाळीसवर गेला होता. तो आणि खोटा ४८० परत केले.

तीन आठवड्यांनी मी गेले. मामांनी ड्रॉवरमधला ड्राइव्ह काढला, तारीख मला दाखवली, जोडला. दोघंही पडद्याकडे बघत होतो. नव्वद जीबीपर्यंत रेघ सरळ. मग ती खाली आली, या वेळी वेगळ्या जागी: साठ, बावीस, अकरा. तीनशे दहाला पुन्हा एकदा.

हेल्थ अजूनही ९६ होती. मामांनी मार्कर घेऊन ड्राइव्हवर आडवी फुली मारली, मग थांबले आणि मलाच विचारलं, “त्या नऊपैकी एखादा महिनाभर बंद ठेवून इथे आणशील?”

“मेच्या सुट्टीत,” मी म्हटलं. “तेव्हा अभ्यासिका पंधरा दिवस बंद असते. चार आणते.”

“पंधरा दिवस कमी आहेत.”

“मग चारही इथेच ठेवा, जूनपर्यंत.”

त्यांनी वहीत नवं पान उघडलं आणि चार ओळी आखल्या.